बाटलीत नदी मावत नाही: प्रदूषित पाण्याचे आकडे कसे वाचायचे

१८५५ सालचा जुलै महिना. विद्युतशास्त्रातल्या शोधांमुळे तेव्हाच नावाजलेले मायकेल फॅरडे लंडनच्या थेम्स नदीतून बोटीने चालले होते. पाण्याचा रंग आणि दर्प त्यांना सहन होईना. त्यांनी जवळची पांढरी कार्डं फाडून तुकडे केले, पटकन बुडावेत म्हणून ते ओले केले, आणि बोट ज्या ज्या धक्क्याला लागेल तिथे थोडे थोडे पाण्यात सोडले. लख्ख ऊन पडलं होतं. तरीही तुकडे इंचभर खाली जायच्या आतच दिसेनासे होत. एखादा तुकडा उभा पडला तर त्याची वरची कड अजून पाण्याबाहेर असायची आणि खालची कड गडप झालेली असायची. फॅरडेंनी हे सगळं पत्राने 'टाइम्स' या वर्तमानपत्राला कळवलं.

नदी घाण आहे हे काठावरच्या प्रत्येकाला दिसत होतं, नाकालाही कळत होतं. फॅरडेंनी मात्र तीच कार्डं घेऊन, तीच कृती वेगवेगळ्या ठिकाणी करून पाहिली आणि जे दिसलं ते इंचाच्या मापात सांगितलं. नदीच्या पाण्याची गुणवत्ता तपासणं म्हणजे मुळात एवढंच. साधनं पुढे पुष्कळ बदलली, पण एकच प्रश्न, एकाच रीतीने, अनेक ठिकाणी आणि अनेक वेळा विचारायचा ही शिस्त तीच राहिली.

शहरातून वाहणाऱ्या नदीबद्दल बातमी येते: 'बीओडी ३० वर', 'कोलिफॉर्म लाखांच्या घरात'. वाचणाऱ्याला काहीतरी वाईट घडलंय एवढंच उमगतं. हे आकडे कशाचे, ते मिळवतात कसे आणि ते नेमके कुठे फसवतात, हे इथे उलगडून सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नमुना कुठे घेतला, कधी घेतला आणि तेव्हा नदीला पाणी किती होतं, हे सोबत नसेल तर हातातला आकडा अर्धाच असतो.

पाणी 'चांगलं' की 'वाईट' असं नुसतं विचारूनही भागत नाही. ते पिण्यासाठी उचलायचं आहे, त्यात पोहायचं आहे, शेतीला द्यायचं आहे की त्यात मासे जगायला हवेत, त्यावर कसोटी बदलते. नितळ, थंडगार, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यातही मैल्याचे जिवाणू असू शकतात. मासे त्यात सुखाने राहतील, पण माणसाने ते प्यायलं तर पोट बिघडायची भीती. उलट पुराचं पाणी दिसायला भयंकर, पण त्यातला बराचसा गढूळपणा नुसत्या मातीचाही असू शकतो. पाण्यातले क्षार पोहणाऱ्याच्या लेखी किरकोळ, पिकाच्या मुळांना मात्र तेच मारक. म्हणून अहवाल हातात आला की आधी बघायचं, हे पाणी कशासाठी जोखलंय.

नदीचा श्वास

नदीच्या तब्येतीबद्दल एकच आकडा विचारायची मुभा असेल, तर मी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विचारेन. अहवालात तो 'डीओ' म्हणून येतो. आपल्या भोवतीच्या एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, ते हवेतून घेता येईल तेवढा सगळा ऑक्सिजन घेऊन बसलं तरी, २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९.१ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे मासा आपल्या मानाने तिसाव्या हिश्श्यावर गुजराण करत असतो. पाणी तापलं की तेवढाही टिकत नाही. ० अंशाला १४.६ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात, प्रवाह आटलेला असताना, नदीची परीक्षा सगळ्यात कठीण असते.

हा आकडा ५ च्या खाली गेला की बऱ्याच जातींच्या माशांना जड जायला लागतं. २ च्या खाली फार थोडे मासे तग धरतात. शून्याला टेकला की पाण्यातलं जगच बदलतं. ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात, ते सल्फेटमधून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हाच वायू लोहाशी मिळून गाळाला काळा रंग देतो. काळं पाणी आणि तो वास एकत्र आले की उपकरण बाहेर काढण्याआधीच अर्धा अहवाल वाचून झालेला असतो.

ऑक्सिजन मोजायची एक पद्धत १८८८ मध्ये लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने शोधली. आता पाण्यात बुडवून लगेच आकडा दाखवणारी उपकरणं आहेत, पण ती बरोबर दाखवतात की नाही हे पडताळायला आजही विंकलरचीच पद्धत वापरतात. काचेचं घट्ट बूच असलेली ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली हळूच भरायची. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन हिशेबात घुसतो. मग काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड यांचं थोडं थोडं द्रावण तळाशी सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. आत ढगासारखा साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो; जितका ऑक्सिजन जास्त, तितका गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो.

एका मोठ्या नाल्याच्या संगमाखाली भरलेल्या बाटलीत मी पहिल्यांदा तो पांढरा साका पाहिला, तेव्हा बाटली पुन्हा पुन्हा हलवून बघितली. वाटलं, रसायन घालायचं राहिलं असेल. दुसरी बाटली भरली, तिसरी भरली. तिन्ही पांढऱ्या. वरच्या पुलाखालच्या बाटल्या मात्र चांगल्या तांबूस-तपकिरी होत्या. दोन्ही ठिकाणांत अंतर चालत दहा मिनिटांचं. त्या दिवसानंतर 'डीओ शून्य' हे दोन शब्द मला कधी नुसते आकड्यासारखे वाचता आले नाहीत.

पुढचं काम प्रयोगशाळेत. ॲसिड घातलं की साका विरघळून आयोडिन सुटतं आणि द्रावण पिवळसर होतं. त्यात थायोसल्फेट थेंबथेंब सोडत जायचं. रंग फिकट गवताइतका उतरला की स्टार्चचे चार थेंब घालायचे, सगळं गर्द निळं होतं. पुन्हा थायोसल्फेट. निळा रंग ज्या थेंबाला पुरता नाहीसा होईल तिथे थांबायचं. किती थायोसल्फेट लागलं त्यावरून ऑक्सिजन किती होता ते कळतं.

दुपारचं पाणी खोटं बोलतं

सांडपाण्यासोबत नदीत नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात. ती शेवाळाची खतंच. संथ, उथळ पाण्यात शेवाळ फोफावतं. दिवसा ते उन्हात ऑक्सिजन सोडतं, इतका की दुपारी तीनच्या सुमाराला डीओ १२-१४ वर, म्हणजे पाण्यात एरवी मावतो त्यापेक्षाही जास्त भरू शकतो. रात्री ऊन नाही, पण शेवाळाचं श्वसन चालूच. जिवाणूंचंही चालू. रात्रभर ऑक्सिजन फक्त खर्च होतो आणि सूर्य उगवायच्या आधी तो दिवसातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर असतो. एकाच जागी दुपारी १२ आणि पहाटे १, असं घडू शकतं. मेलेले मासे सकाळी सकाळी तरंगताना दिसतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

आता नमुने घेणारी माणसं किती वाजता पोचतात याचा विचार करा. कार्यालय उघडतं, गाडी निघते, पहिली बाटली भरेपर्यंत अकरा वाजतात. रोज त्याच वेळेला, प्रामाणिकपणे, उत्तम उपकरणाने मोजलेला आकडाही नदीचं फक्त चांगलं तोंड दाखवत राहतो. यात कोणी लबाडी केलेली नसते, पण मासा अकरा वाजता मरत नाही. म्हणून जिथे शक्य आहे तिथे चोवीस तास नोंद घेणारी उपकरणं बसवायला हवीत. ती नसतील तर वर्षातून काही वेळा तरी पहाटे जायला हवं. अहवालात डीओच्या शेजारी वेळ लिहिलेली नसेल तर मी त्या आकड्यावर फारसा विसंबत नाही.

रोकड आणि देणं

डीओ म्हणजे नदीच्या खिशातली रोकड. बीओडी म्हणजे तिच्या डोक्यावरचं देणं. मैला, अन्नाचे कण, कत्तलखान्याचं किंवा साखर कारखान्याचं सांडपाणी हे सगळं जिवाणूंचं खाणं आहे. ते खाताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील, तो आकडा म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, अर्थात बीओडी. स्वच्छ नदीत तो लिटरला १-२ मिलिग्रॅम असतो. घरगुती सांडपाण्यात, प्रक्रिया करण्याआधी, २०० च्या पुढे सहज जातो.

मोजायची कल्पना साधी आहे. नमुन्याचा ऑक्सिजन आज मोजा, बाटली २० अंशांना अंधारात ५ दिवस ठेवा, पुन्हा मोजा. जेवढा घटला तेवढं देणं. अंधार अशासाठी की शेवाळाने मधेच ऑक्सिजन तयार करू नये. सांडपाणी असेल तर आधी ते स्वच्छ, हवा भरलेल्या पाण्यात बरंच पातळ करावं लागतं. कारण बाटलीत ऑक्सिजनच ९ मिलिग्रॅम, त्यातून २०० चं देणं फिटणार कसं?

५ दिवसच का, याचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा विचार करायला तिथे १८९८ मध्ये एक शाही आयोग नेमला होता. त्याच्या १९१२ च्या अहवालाने ५ दिवसांची चाचणी रूढ केली. तिथल्या नद्यांचं पाणी समुद्राला मिळायला जास्तीत जास्त ५ दिवस लागतात म्हणून ही मुदत धरली, असं सांगितलं जातं. एका बेटावरच्या छोट्या नद्यांचा हिशेब मग जगभर गेला. भारतातल्या पद्धतीत २७ अंशांना ३ दिवस ठेवतात, कारण उबेला जिवाणूंचं काम वेगाने होतं. दोन अहवालांची तुलना करताना हे दिवस आणि तापमान आधी जुळवून बघावं.

बीओडीचा एक मोठा धोका फारसा बोलला जात नाही. मोजणारे शेवटी जिवाणू आहेत. पाण्यात जड धातू किंवा विषारी रसायनं असली तर ते जिवाणूच मरतात, ऑक्सिजन वापरला जात नाही आणि बीओडी कमी येतो. अहवाल सांगतो पाणी बरं आहे, आणि प्रत्यक्षात ते इतकं वाईट असतं की मोजणाराच मेलेला असतो. म्हणून सोबत सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, हवाच. त्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालून नमुना १५० अंशांना २ तास तापवतात. इथे जिवाणूंचं काही काम नाही, रसायनच जवळजवळ सगळं जाळून टाकतं. घरगुती सांडपाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्मा असतो. सीओडी ४०० आणि बीओडी २० असं दिसलं तर स्वयंपाकघर-न्हाणीघराच्या पलीकडचं काहीतरी नदीत येतंय, बहुधा कारखान्याचं, हे समजून शोध घ्यावा.

देणं वसूल व्हायला वेळ लागतो, ही गोष्ट नकाशावरही दिसते. नाला नदीला मिळतो तिथे बीओडी एकदम चढतो, पण ऑक्सिजन लगेच तळाला जात नाही. पाणी वाहत जातं, जिवाणू खात जातात, आणि सगळ्यात वाईट जागा काही किलोमीटर खाली येते. तिथून पुढे, नवीन घाण मिळाली नाही तर, हवेतून ऑक्सिजन भरून येतो आणि नदी सावरते. हा खाली जाऊन वर येणारा वक्र अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये गणितात बसवला. शहरी नदीचं दुखणं असं की ती सावरायला लागते न लागते तोच पुढचा नाला येतो.

अमोनिया आणि सामू

अमोनिया सापडणं म्हणजे मैला ताजा आहे. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यामुळे नायट्रोजनच्या या तीन रूपांवरून घाण किती जुनी आहे याचा अंदाज बांधता येतो. हे रूपांतरही फुकट होत नाही. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो.

माशांना मारतो तो अमोनियाचा मुक्त, वायुरूप भाग. तो किती असेल हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्काही मुक्त नसतो. ८ ला ५ टक्क्यांच्या आसपास, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. आता दुपारच्या शेवाळाची आठवण करा. ते कार्बन डायऑक्साइड शोषून सामू चढवतं. म्हणजे दुपारी ऑक्सिजन भरपूर आणि तरीही तोच अमोनिया कैकपट विषारी. पहाटे गुदमरणं, दुपारी विषबाधा. आकडे एकेकटे वाचू नयेत, ते याचसाठी.

डोळ्यांना न दिसणारं

रोग पसरवणारे जंतू शेकडो प्रकारचे. प्रत्येकाला शोधणं परवडत नाही. म्हणून माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात नेहमी असणारे जिवाणू, म्हणजे बातमीतले ते कोलिफॉर्म, शोधतात. ई. कोलाय त्यांतला मुख्य. तो सापडला म्हणजे विष्ठा पाण्यात मिसळली आहे, आणि मग टायफॉइड, कॉलरा, काविळीचे जंतूही असू शकतात. बहुतेक ई. कोलाय स्वतः निरुपद्रवी असतात. ते वर्दी देतात, एवढंच.

एका पद्धतीत नमुन्याचे वेगवेगळे भाग पोषक द्रावणाच्या नळ्यांत घालतात. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उपडी घातलेली असते. ऊबदार पेटीत दिवस-दोन दिवस ठेवल्यावर जिवाणू असतील तर ते वायू सोडतात आणि उपड्या नळीत बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून तक्त्यातून संभाव्य संख्या काढतात. अहवालात ती 'एमपीएन' म्हणून येते. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. खरी संख्या त्याच्या तिप्पट किंवा तिसरा हिस्साही असू शकते. त्यामुळे 'गेल्या महिन्यात ३०,००० होते, या महिन्यात २०,००० झाले, सुधारणा!' अशी बातमी वाचली की मी थांबतो. इथे फरक दहापटींत बघायचा असतो.

टक्केवारीचंही तसंच. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरमागे १ कोटी जिवाणू असू शकतात. '९० टक्के काढले' हे ऐकायला छान, पण उरतात १० लाख. ९९.९ टक्के काढले तरी १०,००० उरले. युरोपीय संघाच्या नियमांत नदी-तलावातल्या आंघोळीच्या पाण्याला 'उत्कृष्ट' म्हणायचं तर ई. कोलायची मर्यादा ५०० आहे.

बाटली भरण्याची कला

प्रयोगशाळा कितीही भारी असली तरी बाटली चुकीच्या जागी भरली असेल तर सगळं व्यर्थ. नाला मिळतो तिथेच, काठालगत भरली तर ते नाल्याचंच पाणी. दोन रंगांचे पट्टे नदीत लांबवर शेजारी शेजारी वाहताना पुष्कळांनी पाहिले असतील. ते एकजीव होईपर्यंत एका काठाचा नमुना नदीचा म्हणता येत नाही. प्रवाहाच्या मध्यावर, पृष्ठभागाच्या वीत-दीड वीत खाली, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून भरायची, आपण स्वतः बाटलीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं. नाहीतर आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ आत जातो.

एका बाटलीत सगळं होत नाही. ऑक्सिजनची बाटली काठोकाठ, जिवाणूंची निर्जंतुक आणि वर थोडी जागा सोडून. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. बीओडी आणि जिवाणूंचे नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचे. गाडीच्या डिकीत उन्हात चार तास राहिलेल्या बाटलीत जिवाणू जेवून मोकळे झालेले असतात.

आणि शहराच्या वरच्या अंगाचा एक नमुना हवाच. शहरात शिरताना नदी कशी होती हे माहीत नसेल, तर शहराने तिचं काय केलं हे सांगणार कसं?

पाणी किती, हे विचारल्याशिवाय काही खरं नाही

एक उदाहरण मांडून बघू. नदीत सेकंदाला २ घनमीटर पाणी वाहतंय, बीओडी २. एक नाला मिळतो, सेकंदाला अर्धा घनमीटर, बीओडी १५०. मिसळल्यावर बीओडी येतो ३१.६. नाला नदीच्या चौथा हिस्सा, पण नदीचा बीओडी पंधरापटींहून जास्त चढला. या एका नाल्यातून दिवसाला ६,४८० किलो ऑक्सिजनचं देणं नदीवर चढतं. (लिटरला १ मिलिग्रॅम आणि सेकंदाला १ घनमीटर म्हणजे दिवसाला ८६.४ किलो. हा एक गुणक लक्षात ठेवला की कुठलाही हिशेब करता येतो.)

आता पावसाळा. नदी सेकंदाला ४० घनमीटर, बीओडी ८. आकडा ३१ वरून ८ वर आला, सगळे खूश. गुणाकार करा: दिवसाला २७,००० किलोंच्या वर. उन्हाळ्यात नाल्याखाली नदी वाहत होती सुमारे ६,८०० किलो. म्हणजे 'सुधारलेली' नदी चौपट घाण खाली नेत होती. रस्ते, गटारं, तळाचा गाळ धुऊन ते सगळं पुढच्या गावाकडे, धरणाकडे, समुद्राकडे चाललं होतं. तीव्रता आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीतल्या माशाला तीव्रता भोवते, खालच्या धरणाला भार.

नदी खरंच सावरली की नुसती पातळ झाली, हे ओळखायला क्लोराइड फार उपयोगी पडतं. मैलापाण्यासोबत ते येतं आणि कुठलाही जिवाणू त्याला खात नाही. दोन पुलांच्या दरम्यान बीओडी निम्मा झाला आणि क्लोराइडही निम्मं झालं, तर मधे फक्त स्वच्छ पाणी मिसळलं. क्लोराइड तेवढंच राहून बीओडी निम्मा झाला, तर नदीने स्वतः काम केलं. ही चाचणी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि अहवालांत असूनही कोणी तिच्याकडे या नजरेने बघत नाही याची मला हळहळ वाटते.

दगडाखालचे साक्षीदार

बाटलीला एका क्षणाचंच माहीत असतं. रात्री दोन वाजता कोणी टँकर ओतून गेला तर सकाळपर्यंत पाणी वाहून गेलेलं. पण तळाच्या दगडांखाली राहणारे किडे तिथेच असतात, महिनोन् महिने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी कोणते जीव किती घाणीत जगतात याच्या याद्या केल्या, आणि पुढे त्यातून गुण देण्याच्या पद्धती निघाल्या. ब्रिटनमधल्या एका पद्धतीत किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण आहेत. स्टोनफ्लायच्या आणि मेफ्लायच्या बऱ्याच कुळांची पिल्लं फक्त ऑक्सिजन भरपूर असेल तिथेच राहतात, त्यांना १०. गाळातल्या तांबड्या धाग्यांसारख्या किड्यांना १.

शहरातल्या नदीत चिखलाची ओंजळ उचलून पांढऱ्या ताटलीत पसरा. लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं. ऑक्सिजन जवळजवळ नाही अशा चिखलात तो पकडून ठेवायची त्यांची ती सोय. आणखी वाईट पाण्यात लांब शेपटीसारखी नळी पाण्याबाहेर काढून थेट हवेतून श्वास घेणारी अळी असते. ताटलीत फक्त हेच दोन-तीन प्रकार हजारोंनी असले आणि बाकी काही नसलं, तर एखाद्या दिवशीचा चांगला डीओ मला पटवू शकत नाही.

गाळाचंही थोडं सांगायला हवं. शिसं, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत, मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाला बसतात. पाण्याच्या नमुन्यात 'आढळले नाही' येतं आणि खाली वर्षानुवर्षांचा साठा पडलेला असतो. पूर आला, गाळ उपसला, की तो पुन्हा वर. शिवाय 'आढळले नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. त्या उपकरणाला जेवढं कमीत कमी दिसू शकतं त्यापेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. ती मर्यादा किती, हे शेजारी लिहिलेलं असावं लागतं.

सगळ्यांचा मिळून एक आकडा

इतके आकडे लोकांपुढे कसे ठेवायचे? अमेरिकेत हॉर्टन यांनी १९६५ मध्ये सगळ्यांचा मिळून एक निर्देशांक काढायची कल्पना मांडली. १९७० मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञांची मतं गोळा करून नऊ कसोट्या निवडल्या: डीओ, विष्ठेतले कोलिफॉर्म, सामू, बीओडी, तापमानातला फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा आणि एकूण घनपदार्थ. प्रत्येकाला वजन दिलं, सगळ्यात जास्त डीओला आणि त्याखालोखाल कोलिफॉर्मला. शेवटी ० ते १०० मधला एक आकडा.

नकाशावर हिरवा-पिवळा-लाल रंग भरायला हे सोयीचं आहे, आणि एकाच नदीचा वर्षानुवर्षांचा कल बघायलाही. पण सरासरीत एक वाईट गोष्ट आठ बऱ्या गोष्टींच्या मागे दडते. आठ विषयांत पास आणि नवव्यात शून्य, तरी टक्केवारी चांगलीच दिसते. नदीच्या बाबतीत तो नववा विषय कोलिफॉर्म असला तर पोहणाऱ्याच्या दृष्टीने बाकी आठांना काय अर्थ? शिवाय या नऊंत धातू नाहीत, कीटकनाशकं नाहीत, औषधांचे अंश नाहीत. निर्देशांक बघावा, पण त्याखालचा तक्ता मागून घ्यावा, आणि त्यातला सगळ्यात वाईट रकाना आधी वाचावा.

फॅरडेंच्या त्या थेम्सचं पुढे काय झालं, तेही मोजमापातूनच कळतं. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधीने संसदेचं कामकाज अवघड झालं आणि मोठ्या गटारवाहिन्या बांधायचं ठरलं. तरी १९५७ मध्ये लंडनच्या निसर्गइतिहास संग्रहालयाने शहराजवळची नदी जैविकदृष्ट्या मेलेली असल्याचं म्हटलं. त्यानंतर सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारत गेली, ऑक्सिजनचे आकडे हळूहळू वर आले. १९६० च्या दशकात अभ्यासकांनी काठावरच्या वीजकेंद्रांकडे मोर्चा वळवला. ती केंद्रं यंत्रं थंड करायला नदीचं पाणी ओढत आणि तोंडाशी जाळ्या बसवलेल्या असत. त्या जाळ्यांवर काय अडकतं याची नोंद ठेवायला त्यांनी सुरुवात केली. मासे एकेक जातीने परतताना दिसू लागले. १९७४ मध्ये अशाच एका जाळीवर सामन मासा मिळाला.